थोरल्याच्या हातचा विस्तव

रावजीनं कारभार सोडला तेव्हा त्याच्या तोंडात अर्धं भजं होतं. त्यामुळं त्याचं पहिलं वाक्य कुणालाच कळलं नाही. दुसरं सगळ्यांना कळलं.

"आन सोडता सोडता थोरल्याला माजा सल्ला हाय," भजं गिळून तो म्हणाला, "घराची वाटणी करा. आजच. गणपती ज्येनं त्येनं आपापल्या घरात बसवावा."

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या त्या पुढच्या खोलीत तेलाची कढई तडतडत राहिली. बजाबाईचा हात थापत्या भाकरीवर थांबला. खानावळ सुरू केल्यापासून तिचा हात भाकरीवर थांबल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. नवरा गेल्याचं तिला चुलीपाशीच कळलं होतं, आणि तव्यावरची भाकरी तिनं तेव्हाही उतरवली होती.

"कारभार सोडलास न्हवं?" हिंदुराव उठून उभा राहिला. रावजीच्या आधी कारभार त्याच्याकडं होता आणि गेल्या आठवड्यातच गेला होता, त्यामुळं आवाज अजून कारभाऱ्याचाच होता. "मग सल्ला कसला देतोस? सोडलेल्या माणसानं पायताण घालावं आन चालाय लागावं."

"काल रेडिओ ऐकला न्हाय व्हय?" रावजी म्हणाला. "दिल्लीत काय झालं? पंतप्रधान लोकसभेला तोंड न दाखवताच गेला. जाताना म्हनला, लोकसभा मोडा. राष्ट्रपतीनं मोडली. झालं?"

"ती दिल्ली हाय!"

"आबांनी आपल्या घरची घटना कुटनं उचलली? दिल्लीवरनंच की!"

ते खरं होतं. खरं ऐकलं की हिंदुराव ओरडत असे. तसा तो ओरडला.

रामहरीदादा भिंतीला टेकून मोठ्या पाटावर बसले होते. मोठा पाट आणि मोठा फेटा, थोरला म्हणून एवढंच त्यांच्याकडं होतं. फेट्याखाली घाम येत होता, पण बैठक संपल्याखेरीज फेटा काढायचा नाही असा नियम होता, आणि दादा नियमाचे होते. त्यांना दुसरं काही होऊच दिलेलं नव्हतं.

ज्या वर्षी देशाची घटना लागू झाली, त्याच वर्षी आबांनी, म्हणजे या भावांच्या वडिलांनी, घराची घटना केली. देशाच्या घटनेमागं मोठमोठी कारणं होती. घरच्या घटनेमागं एक उंट होता. थोरला म्हणून रामहरीला मोहोळच्या बाजारात बैलजोडी आणायला पाठवलं, तर तो उंट घेऊन आला. बैलापेक्षा उंच आहे, एवढंच त्याचं म्हणणं होतं, आणि ते कुणाला खोडता येईना. उंट दोन पावसाळे घरी राहिला. तो नांगराला जुंपू देत नसे, पण लग्नाच्या वरातीत हौसेनं चाले.

त्याच सुमाराला आबांनी सोलापुरात कुठल्यातरी सभेत ऐकलं, की आता देशाला एक राष्ट्रपती असणार. मान सगळा त्याचा, नाव सगळं त्याचं, सही त्याची. पण करायचं ते मंत्री सांगतील तसं. आबा सभेतून उठले ते थेट घरी आले आणि म्हणाले, "आपल्याकडं असा माणूस हाय."

तेव्हापासून थोरल्यानं मोठ्या पाटावर बसायचं. भावकीच्या बैठकीनं बहुमतानं कारभारी निवडायचा. कारभाऱ्यानं सल्ला द्यायचा, थोरल्यानं "बरं हाय" म्हणून तो आपल्या हातानं पार पाडायचा. लग्नाची सुपारी थोरल्याच्या हातची. नांगराची पहिली पूजा थोरल्याच्या हातची. आणि घर फुटलंच कधी, तर मोठ्या चुलीतला विस्तव उचलून नव्या चुलीत घालायचा, तोही थोरल्याच्याच हातचा. ही शेवटची रीत आबांच्याही आधीची. दुसऱ्या कुणी पेटवलेली चूल या घराण्यात चूल म्हणून धरत नसत. तिच्यावर शिजलेलं पाव्हणेसुद्धा खात नसत.

थोरल्याला मत नसे, त्यामुळं बैठकीत आता तीनच मतं उरली होती. एक हिंदुराव. एक रावजी, मोहोळची शेती बघणारा. आणि एक अकलूजचा चुलतभाऊ गुंडातात्या. चौथा भाऊ दगडू वारला तेव्हा त्याचं मत गेलं, आणि त्याचा वाटाही गेला असं भावांनी न बोलता धरून चाललं. बायको तेवढी मागं राहिली. ती बजाबाई. बायकांना मत नव्हतं. देशात होतं, पण आबा म्हणाले होते, देशाचं देश बघून घेईल.

"आरं पण तात्याचं मत तुला हुतं की!" हिंदुराव अजून ओरडत होता. "त्येच्या जिवावर माजा कारभार पाडलास. मग बैठकीत मत मागून तोंड दाखवायला काय झालं?"

रावजीनं उंबऱ्याबाहेर पाहिलं. उंबऱ्याबाहेर, ओट्यावर, गुंडातात्या पाठमोरा बसला होता.

"तात्या, आत या की," रामहरीदादा म्हणाले.

"मी हितंच बराय," तात्या रस्त्याकडं बघत म्हणाला. "आत आल्यावर कुणाच्या खाली बसवतील सांगता येत न्हाय."

घडलं होतं ते एवढंच. नवा कारभारी झाल्याच्या आनंदात रावजीनं मोहोळला पंगत घातली, आणि पंगतीत गुंडातात्याला आपल्या मेहुण्याच्या खालच्या पाटावर बसवलं. तात्या जेवला सगळं. जिलेबी दोनदा घेतली. हात धुतला आणि म्हणाला, माजं मत आता तुला न्हाय. हिंदुरावालाही न्हाय. मी अकलूजचा.

अशा रीतीनं घराण्याचं सरकार एका पाटावरून पडलं.

*

बजाबाईनं थांबलेली भाकरी उचलून तव्यावर टाकली. वाफ तोंडावर आली ती तिनं येऊ दिली. चुलीपलीकडं मोठी जाऊ गोजरबाई, हिंदुरावाची बायको, लसूण सोलत बसली होती. ती बैठकीत कधी बोलत नसे. ती लसूण सोलत असे, आणि जितका राग मोठा तितका लसूण बारीक.

"वाटणी म्हंजे कशी वाटणी?" बजाबाईनं विचारलं.

पुरुषांनी तिच्याकडं असं पाहिलं, जणू चूलच बोलली.

"ती ठरलेलीच हाय," रावजी म्हणाला. "शेतं मी आन दादा. मागच्या खोल्या हिंदुरावाला. ही पुढली खोली तात्याला. रस्त्याकडंची हाय, त्येच्या पोराला चादरीचं दुकान टाकायचंय. मी शब्द दिलाय."

"मी बी दिलाय," हिंदुराव घाईनं म्हणाला. "रावजीच्या आधी दिलाय. तात्या, ध्येनात ठेवा."

पुढची खोली तात्याला द्यायची, ही या घरात सगळ्यांचं एकमत असलेली एकुलती एक गोष्ट होती.

"ह्या खोलीत चूल हाय," बजाबाई म्हणाली.

"चूल काय, काढून टाकू. चादरीला धूर चालत न्हाय."

"आन मी?"

"तुला मोहोळला खोली काढून देतो की. शेतावर. लई हवेशीर हाय."

"गोठ्याला लागून हाय ती?"

"लागून म्हंजे... मधी भिंत हाय."

"म्हशीला इचारलं का?" बजाबाई म्हणाली. "तिला चालंल का मी शेजारी?"

गोजरबाई लसणावर खाली वाकली. रावजीनं ते हसणं आहे की खोकला, हे कळून घेतलं नाही.

बजाबाईला राग येत होता, आणि या रागाचं तिला नवल वाटत होतं, कारण तो नवा नव्हता. तो चुलीतल्या राखेखालच्या निखाऱ्यासारखा कायम तिथंच होता; रावजीनं फक्त फुंकर घातली होती. दगडू गेला तेव्हा हेच भाऊ म्हणाले होते, बजा, तुला काय कमी पडू देनार न्हाय. मग ते जेवायला बसले. तेव्हापासून ते जेवतच होते. हिंदुराव दोन्ही वेळ, रावजी सोलापूरला बाजाराला आला की, तात्या कोर्टाची तारीख असली की. गिरणीतली माणसं कूपन घेऊन जेवत. कॉलेजची पोरं महिन्याचं भरून जेवत. घरची माणसं घरची म्हणून जेवत आणि वर विचारत, आज कालवण पातळ का?

"माझी खानावळ बंद करायची तर करा," ती म्हणाली, "पर माझ्या तोंडावर सांगा. चादरीचं नाव पुढं करू नगा."

"अगं, बंद कोण म्हनतंय? फकस्त चूल काढायची म्हनतोय."

या वाक्यावर बजाबाईनं कालथा परातीत असा आपटला की ओट्यावर बसलेला गुंडातात्या अर्ध्यानं दचकला आणि उरलेल्या अर्ध्यानं सावरून पुन्हा रस्त्याकडं बघायला लागला.

*

हिंदुरावाच्या डोक्यात मात्र वेगळीच चक्रं फिरत होती. रावजी गेला. तात्या कुणाचाच नाही. मग उरलं कोण? त्यानं धोतराचा सोगा सावरला आणि काही न बोलता ओट्यावर जाऊन तात्याशेजारी बसला. शेजारी, पण एक पायरी खाली. हे त्यानं मुद्दाम केलं.

"तात्या, ह्या खोलीबरोबर ओटा बी तुमचा."

"ओटा खोलीतच धरत्यात."

"मग वरचं पत्र्याचं छप्पर."

"छप्पर बी खोलीतच की, हिंदू. का मी उघड्यावर चादरी इकू?"

"मग काय पायजे तुमाला?"

तात्याचं तोंड जिलेबी खाल्ल्यावरच्या दुपारसारखं जड झालं होतं.

"मोठ्या पाटाशेजारी पाट," तो म्हणाला. "कायमचा."

"दिला!"

"मी देतो," आतून रावजी ओरडला. त्यानं कान इकडंच लावलेले होते. "तात्या, मी मोठा पाटच देतो. दादाला दुसरा बगू."

"म्हंजे आपल्या पंगतीत मला मेव्हण्याखाली बसवनारा आता मला दादाच्या जागी बसवनार?" तात्या म्हणाला. "तुमा दोघांचं मला काय बी नगं. मी अकलूजचा."

हिंदुराव लाल होऊन आत आला. रावजीवरचा राग, तात्यावरचा राग आणि सकाळपासून जेवण न झाल्याचा राग, तिन्ही त्याच्या गळ्यात एकदमच आले आणि निघाले ते तिसऱ्याच माणसावर. असं या घरात नेहमीच होत असे, आणि तो तिसरा माणूस नेहमी मोठ्या पाटावर बसलेला असे.

"दादा, बसलायसा काय मारुतीसारखं! मला बलवा आन कारभारी करा. दुसरं हायच कोण?"

"बहुमत न्हाय तुझ्याकडं," दादा म्हणाले.

"बहुमताचं मी बगतो. तुमचं काम काय? फेटा घालायचा आन बरं हाय म्हनायचं. म्हना की! का परत बाजारात जाऊन उंट आणनार हायसा?"

उंटाचा उल्लेख घरात कधी होत नसे. आबा गेल्यावर तर कधीच झाला नव्हता. गोजरबाईच्या हातातली लसणाची पाकळी निसटून चुलीत गेली.

तो उंट रामहरीदादांना आवडत असे. सगळ्या आयुष्यात त्यांनी आपल्या मनानं घेतलेला तो एकमेव निर्णय होता, आणि दोन पावसाळ्यांनंतर हिंदुरावाच्याच सल्ल्यावरून त्यांनीच, स्वतःच्या हातानं, त्याचा कासरा गिऱ्हाइकाच्या हातात दिला होता. बरं हाय म्हणून.

"वकील कुटं हाय?" ते म्हणाले.

*

वकील म्हणजे विरूपाक्ष. अक्कलकोटकडचा, लॉ कॉलेजचा, बजाबाईकडं महिन्याचं भरून जेवणारा. घटनेच्या पेपरात तो दोनदा नापास झाला होता, आणि एकाच विषयात इतकी वर्षं घालवल्यामुळं पेठेत त्याला घटनेचा मोठा जाणकार समजत. तो जेवायच्या वेळेआधीच येऊन कोपऱ्यातल्या पाटावर बसत असे. आजही होता. आपण दिसू नये म्हणून त्यानं ताट समोर उभं धरलं होतं.

"ताट खाली ठेव," दादा म्हणाले. "मला काय करता येतं, सांग."

"फार काही नाही, दादा."

"फार न्हाय म्हंजे किती?"

"सल्ला आला की मानायचा," विरूपाक्ष म्हणाला. "नाही पटला तर एकदा परत पाठवायचा, पुन्हा विचार करा म्हणून. ही दुरुस्ती नुकतीच झालीये. पण पुन्हा तोच सल्ला आला, की मुकाट मानायचा."

"आन?"

"आणि कुणाकडंच बहुमत नसेल, तेव्हा कारभारी म्हणून कुणाला बोलवायचं ते तुम्ही ठरवायचं. तेव्हा सल्ला द्यायला कुणी नसतंच. तेवढी एक जागा मोकळी."

"एकच?"

"आणखी एखादी असेल. तो प्रश्न मी ऑप्शनला टाकला होता."

"रावजीचा सल्ला मानायचा का? बैठकीत मत न दाखवता दिलाय त्यो."

"यावर मोठमोठ्यांत मतभेद आहेत."

"तुजं मत काय?"

"माझ्या मताला परीक्षकानं शंभरात एकतीस दिले, दादा."

दादा उठले. बैठकीत थोरला उठत नसतो. तो उठला म्हणजे बैठक संपली असं समजून रावजीनं सवयीनं टोपी डोक्यावर ठेवली आणि पुन्हा काढली.

"रावज्या," दादा म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. "मी तुला बलवलं तवा काय म्हनलो? गणपतीच्या आत बैठकीत मत दाखीव. तू पंगत दाखवलीस. तुझा सल्ला मी घेत न्हाय. दिल्लीवाल्यानं घेतला, त्येचं त्यो बगंल. आन हिंदू, तुला बी बलवत न्हाय. माझ्या उंटाचं नाव तू घ्यायचं न्हाय."

"मग बलवताय कुणाला?" हिंदुरावानं हात पसरले. "भिताडाला?"

"बजाला."

सगळे एकदमच बोलले.

"दादा, चेष्टा करू नगा," सगळ्यांच्या वर बजाबाईचा आवाज आला. "माज्या हातात कालथा हाय."

"चेष्टा न्हाय. तू कारभारी."

"आवो, तिला मत न्हाय!" हिंदुराव किंचाळला. "ती बैठकीतच न्हाय! जी बैठकीत न्हाय ती कारभारी कशी?"

"सभासद नसलेल्यालाही मंत्री होता येतं," विरूपाक्ष म्हणाला. "सहा महिने. पंतप्रधानसुद्धा."

"ह्ये कुटं लिवलंय?"

"हा प्रश्न मी सोडवला होता. बरोबर आला होता."

बजाबाईनं पदर डोक्यावर ओढला. दादांना वाटलं, आता ती लाजून नको म्हणेल. तिनं पदर ओढला होता तो घाम पुसायला.

"बैठकीला तोंड दाखवावं लागतं न्हवं? दाखवते," ती म्हणाली आणि कालथा हातात घेऊनच तिघांसमोर येऊन उभी राहिली. "भाकरी झाल्यात. शेंगांची चटणी हाय, आंबाडीची भाजी हाय. ज्येला आज हितं जेवायचं त्येनं हात वर करावा. हात वर म्हंजे मत मला. हात खाली ऱ्हायला त्येनं पेठेत हाटेल बगावं."

"ह्यो काय कारभार झाला?" हिंदुराव म्हणाला. "ही तर लाच झाली!"

"तुमी तात्याला छप्पर देत हुता, ती काय हुती?"

तात्या पहाटेच्या एसटीनं अकलूजहून निघाला होता. आंबाडीच्या भाजीचा वास ओट्यावर आला तेव्हा त्यानं मान वळवली.

"माझा पाट कुटं असंल?" त्यानं विचारलं.

"तात्या, ही पंगत न्हवं. खानावळ हाय. हितं वर न्हाय आन खाली न्हाय. आला त्यो बसला."

गुंडातात्यानं या गोष्टीचा आयुष्यात कधी विचार केला नव्हता. त्यानं तो आता केला, आणि त्याचा हात वर गेला.

"एक," विरूपाक्ष म्हणाला.

रावजी हिंदुरावाकडं बघत होता. हिंदुरावाच्या तोंडावर जे दिसत होतं ते बघायला रावजीनं शेतसुद्धा विकलं असतं. "हिंदूच्या हातात जाण्यापरास चुलीत गेल्यालं बरं," तो म्हणाला आणि त्यानं हात वर केला.

"दोन. बहुमत."

रामहरीदादा पुन्हा मोठ्या पाटावर बसले. घर राहिलं, असं त्यांना वाटलं. मोडायला निघालेलं घर त्यांनी, आपल्या मनानं, एका शब्दात राखलं होतं. "बोल कारभारणी," ते जवळजवळ हसून म्हणाले. "सल्ला काय?"

"वाटणी करा," बजाबाई म्हणाली.

*

हे ऐकून सगळ्यात आधी खूश झाला तो रावजी. "मी ह्येच म्हनत हुतो की!"

"तुमच्या वाटणीत चूल तात्याची हुती," बजाबाई त्याच्याकडं न बघता म्हणाली. "माझ्या वाटणीत माझी. ही खोली, ही चूल, ओटा आन शेतातला माझ्या मालकाचा हिस्सा. ज्यो त्यो मेला तवा तुमी तिघांनी गिळला, आन वर मला कमी पडू देनार न्हाय म्हनला. बाकीचं तुमचं तुमी वाटा नायतर त्येच्यावर डोकी फोडा. दादा, सगळ्यांना विस्तव द्या. माजी चूल सोडून जाऊ द्या त्यांना."

"आन चादरी?" तात्यानं विचारलं. हात त्यानं अजून वरच ठेवला होता.

"अकलूजला इका."

दादांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच राहिलं होतं. काढून घ्यायला त्यांना सुचलं नव्हतं. "बजे," ते म्हणाले, "मी तुला घर राखाय बसवली."

"राखाय? मग इतकी वर्सं कोण राखीत हुतं? तुमी?" आता तिचा आवाज चढला, आणि चढला तो थांबला नाही. "तुमी मोठ्या पाटावर बसून बरं हाय म्हनत हुता! हिंदू भावजी म्हनलं, बरं हाय. रावजी भावजी म्हनलं, बरं हाय. माझ्या मालकाचा हिस्सा ह्येंनी धरला तवा तुमी बरं हाय म्हनला का न्हाय? मी हितंच हुते, पीठ मळत हुते. आज बी रावजी भावजींनी तात्याला नीट पाटावर बसवला असता, तर आता माझी चूल उकरत असता तुमी, तुमच्या हातानं! माझ्यासाठी न्हाय उठला तुमी, दादा. उंटासाठी उठला."

दादा खाली बघत होते. ते खोटं आहे असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"वकील," शेवटी ते म्हणाले. "एकदा परत पाठवता येतं न्हवं?"

"एकदा."

"बजे, परत पाठीवला. परत इचार कर."

बजाबाई वळली. तव्यावर भाकरी होती. तिनं ती उलटली, विस्तवाकडं उभी केली, फुगू दिली. ती खरंच विचार करत होती. गोठ्याशेजारच्या खोलीचा नाही, तो कधीच झाला होता. ती दादांचा विचार करत होती. एवढ्या सगळ्यांत त्यांनी तिच्या तोंडचा घास कधी मोजला नव्हता, आणि कधी वाचवलाही नव्हता. भाकरी फुगली. तिनं ती टोपलीत टाकली.

"इचार केला," ती म्हणाली. "वाटणी करा."

दादांनी विरूपाक्षाकडं पाहिलं. विरूपाक्षानं मान हलवली. आता काही उरलं नव्हतं.

ते उठले, चुलीपाशी गेले, चिमटा घेतला.

"दादा, हात आवरा!" हिंदुराव मधे आला. "माझं ऐका! मी न्हाय घेत विस्तव. माझ्याकडं चूल न्हाय, शेगडी न्हाय, कशात घालताय?"

"ह्यात," गोजरबाई म्हणाली.

ती शेगडी घेऊन उभी होती. नवी, पितळी कडीची, कोळसा भरलेली. ती कधी आणली, कुठं ठेवली होती आणि किती दिवस ठेवली होती, हे हिंदुरावाला त्या दिवशी कळलं नाही आणि पुढंही कुणी सांगितलं नाही. तो बायकोकडं बघत राहिला. संसारात पहिल्यांदा तिच्या हातात लसूण नव्हता.

"तू बी?" तो म्हणाला.

"तुमी बाजूला व्हा," गोजरबाई म्हणाली. "दादांचा हात भाजंल."

दादांनी निखारा उचलला. "माझा हात न्हाय ह्यो," ते कुणालाही न उद्देशून म्हणाले, "कारभाऱ्याचा हाय," आणि निखारा शेगडीत टाकला. कोळशानं आधी नुसता धूर दिला. मग धरलं.

रावजीनं आपला विस्तव मडक्यात मागितला, कारण त्याला तो मोहोळपर्यंत न्यायचा होता. एसटीचा कंडक्टर पेटतं मडकं आत घेईल का, यावर त्यानं विरूपाक्षाचं मत विचारलं. विरूपाक्ष म्हणाला, घटनेनं याबाबत मौन पाळलंय. तात्यानं आपला विस्तव नंतर नेतो म्हणून सांगितलं आणि चटणी वाढायला सांगितली.

बाहेर गिरणीची माणसं यायला लागली होती. ओट्यावर चपलांचा ढीग वाढला. हिंदुराव, अजून संतापानं फुसफुसत, नेहमीच्या जागी गेला, नेहमीसारखा पाट ओढला आणि मांडी घालून बसला. ताटासाठी त्यानं हात पुढं केला.

"उठा, भावजी," बजाबाई म्हणाली. "तुमी हात वर केला न्हवता. गिऱ्हाइकं बसायचीत."

तो उठला. त्याच्या जागेवर जोडीदाराला घेऊन आलेला गिरणीतला एक साचेवाला बसला आणि म्हणाला, काकू, आज वेळ झाला जणू.

रामहरीदादा चुलीपाशी तसेच उभे होते. बस म्हणून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि जा म्हणूनही. मोठा पाट कुणाच्या हिश्शाला आला, याचा वाटणीत कुणाला विचारच सुचला नव्हता. आता त्याच्यावर गिरणीचा एक माणूस बसून कांदा फोडत होता. फेटा डोक्यावर होता, चिमटा हातात होता, आणि भोवतीनं ताटं जात होती.

"दादा," बजाबाई म्हणाली. राग अजून तिच्या आवाजात होता. तो दुपारपर्यंत राहणार होता, कदाचित दिवाळीपर्यंत. "वाटंतनं सरका. भाकरी करपती."

कुठल्या बाजूला सरकायचं, ते तिनं सांगितलं नाही.